सातव्या रिळातला खोकला

आमच्या जावयानं सासऱ्याचं संगीत पुसून टाकायचं काम घेतलं आणि ते घरी सांगायला मात्र बायकोला पुढं केलं. लेक आली ती दारातच बराच वेळ चपला काढत उभी राहिली. तिच्या चपलांना पट्टे नाहीत, बकल नाही, पाय उचलला की निघतात. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा सिनेमा परत थिएटरात लागणार आहे."

हे पेपर वाचत होते. यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्या कानानं यांना हवं तेवढंच ऐकू येतं.

"कुठला?"

"एकच तर उरलाय."

ते खरंच होतं. यांनी ज्या ज्या सिनेमांना पार्श्वसंगीत दिलं ते सगळे गेले. काही जळाले, काहींची रिळं गोदामात एकमेकांना चिकटून वडी झाली, आणि एकाची म्हणे वितळवून कुणीतरी कंगवे केले. उरला तो हा एक. एक म्हातारा घर विकतो आणि निघून जातो, एवढीच गोष्ट. गाणी नाहीत, मारामारी नाही. त्या वेळी तो आठवडाभरही चालला नाही, म्हणून त्याची प्रिंट झिजली नाही. न चालण्याचा असाही एक फायदा असतो.

"पण नवीन संगीत घालून लागणार आहे," लेक म्हणाली. "निर्मात्याचा पुतण्या म्हणतो, जुनं संगीत आजच्या पोरांना झेपत नाही. त्याला संवादांची वेगळी फीत सापडलीय, त्यामुळे जुनं संगीत तेवढं काढता येतं."

"कोण करतंय?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"तुमचा जावई."

यांनी पेपरचं पान उलटलं. "बरं झालं," म्हणाले. "व्हायोलिनं फार होती त्यात."

यांना राग आला नाही, म्हणून तो मला आला. घरात एकाला तरी यायला हवा ना. आता जुन्या गादीला नवी खोळ घालू नये असं काही माझं म्हणणं नाही. पण गादी ज्याची आहे त्याला आधी विचारायची रीत आहे. आणि विचारायचंच तर स्वतः यावं, बायकोच्या पदराआडून विचारू नये. हे सगळं मी लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, "आई, तो घाबरतो." मी विचारलं, "यांना?" ती म्हणाली, "बाबांना कशाला घाबरेल? तुला."

पुढच्या रविवारी जावई आले. सोफ्याच्या अगदी कडेला टेकले, जसं काही सोफा परत करायचा आहे.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता काम सोडतो."

"सोडू नका," हे म्हणाले. "तुम्ही सोडलंत तर दुसरा कुणीतरी घेईल. तो तुमच्याइतकं वाईट करेलच असं नाही, पण अनोळखी असेल."

जावयांनी आभार मानले. बोलण्याचा अर्थ त्यांना जिना उतरताना लागला असावा, कारण ते दुसऱ्या मजल्यावर थोडे थांबले. मला खिडकीतून दिसलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण चित्रपट मंडळाला बातमी लागली. या मंडळात जुने सिनेमे बघतात आणि बघून झाले की तेवढाच वेळ बोलतात. त्यांचे सचिव आमच्याकडं आले. माणूस भला आहे. यांचं नाव जगात ज्या पाच-पंचवीस लोकांना माहीत आहे त्यातल्या निम्म्यांना ते या सचिवांनीच सांगितलं आहे, म्हणून मी त्यांना चांगल्या कपात चहा देते.

"तुम्ही जाहीर विरोध करा," सचिव म्हणाले. "जुन्या चित्रपटाला नवं संगीत म्हणजे आजोबांच्या फोटोला गॉगल लावण्यासारखं आहे."

"आजोबांच्या डोळ्यांवर ऊन येत असेल तर?" यांनी विचारलं.

"अहो, तो त्या काळाचा आवाज आहे."

"तो काळ मी बघितलाय. त्यात एवढी व्हायोलिनं नव्हती. निर्मात्याच्या मेहुण्याला व्हायोलिन वाजवता यायचं, आणि मेहुण्याला मित्र होते. म्हाताऱ्यानं दार उघडलं की व्हायोलिन, बंद केलं की व्हायोलिन. मला तेव्हाच लाज वाटली होती. आता कुणी आपणहून पुसतंय तर मी कशाला आडवा येऊ?"

सचिवांनी कप खाली ठेवला. झाडाला वाचवायला यावं आणि झाडानंच कुऱ्हाड मागावी, असं त्यांचं तोंड झालं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं जाऊ दे. पण सातवं रीळ. म्हातारा सामान बांधतो ती सहा मिनिटं. एक शब्द नाही, एक स्वर नाही. त्या शांततेत फक्त त्या घराचा श्वास. कुठंतरी लाकूड करकरतं. कुणीतरी हळूच खोकतं. मी पोरांना शिकवताना नेहमी तेच दाखवतो. सहा रिळं संगीतानं भरायची आणि ऐन वेळी गप्प बसायचं, एवढं धाडस तुम्ही कुठून आणलंत?"

हे उठले आणि बाथरूममध्ये गेले. मी सचिवांना विचारलं, "अजून चहा घेणार?"

ते धाडस कुठून आलं ते मला माहीत आहे. यांना माहीत आहे. तिसरा एक क्लॅरिनेट वाजवणारा होता, तो आता नाही.

त्या काळी पार्श्वसंगीताचं काम असं चालायचं. मोठ्या हॉलमध्ये पडदा. पडद्यासमोर सगळे वादक वाद्यं घेऊन बसलेले. रीळ सुरू झालं की हे पडद्याकडं बघत उभे राहायचे, आणि यांचा हात वर गेला की वाजवायचं. हात गेल्याशिवाय कुणी एक तार छेडायची नाही. एकदा एकानं अर्धा क्षण आधी सुरू केलं तर यांनी त्याला दिवसभर हॉलच्या बाहेर बसवलं होतं. तेव्हा हे फार कडक होते. आता मी भाजीत मीठ विसरले तरी गुपचूप खातात.

सातव्या रिळाच्या दिवशी मी हॉस्पिटलात होते. दिवस भरले नव्हते. हॉलवर फोन गेला तेव्हा रीळ नुकतं सुरू झालं होतं आणि रेकॉर्डिंगचा दिवा लागला होता. कुणीतरी येऊन यांच्या कानात सांगितलं. यांनी वादकांकडं वळून "आलोच" म्हटलं आणि निघाले. यांची सवय अशी की आलोच म्हणजे आलोच, दोन मिनिटांत परत. म्हणून सगळे वाद्यं सज्ज धरून बसून राहिले. पडद्यावर म्हातारा सामान बांधतोय, मशीन फिरतंय, आणि हात वर करायला समोर कुणी नाही. रेकॉर्डिस्टला वाटलं, या रिळात संगीत उशिरा सुरू होत असेल. वादकांना वाटलं, येतीलच. मेहुण्यालासुद्धा एकट्यानं वाजवायची हिंमत झाली नाही. रीळ संपलं. हॉल तेवढ्याच वेळापुरता मिळाला होता, सिनेमा लागायची तारीख ठरली होती. निर्माता म्हणाला, झालं ते झालं, लावा असंच.

हे मला क्लॅरिनेटवाल्यानं नंतर सांगितलं. भेटायला आला होता, काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून हे बोलला.

आमचा मुलगा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत होता.

लेक पुष्कळ नंतर झाली. तिला आम्ही हे कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आलीच नाही असं नाही, पण दर वेळी गॅसवर काहीतरी असायचं. हे तर त्याचा विषयच काढत नाहीत. सिनेमा कुठं दाखवला आणि यांना मानानं बोलावलं, तर हे जातात, सहावं रीळ होईपर्यंत बसतात आणि मग सिगारेट ओढायला बाहेर जातात. सिगारेट सोडून वर्षं झाली, तरी जातात. मी मात्र बसते. खरं सांगायचं तर मी फक्त सातव्या रिळासाठीच जाते. बाकीचा सिनेमा मला कंटाळवाणा वाटतो.

मग जावयांनी आम्हाला त्यांच्या कामाच्या खोलीत बोलावलं. खोलीला खिडकी नाही, भिंतींना सगळीकडं स्पंज चिकटवलेला. आत बोललं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. मोठा पडदा, कॉम्प्युटर, चाकांच्या दोन खुर्च्या. एका खुर्चीवर यांना बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले, आवाज पुरा मोठा करून.

नवं संगीत चांगलं होतं. हे कबूल करताना माझ्या जिवावर येतंय, पण होतं. म्हातारा दार उघडतो तिथं जावयांनी काहीच ठेवलं नव्हतं, नुसता दाराचा आवाज. हे मान हलवत होते. "व्हायोलिन कुठंय?" यांनी मध्येच विचारलं. जावई घाबरून यांचा उजवा हेडफोन उचलत म्हणाले, "एकच ठेवलंय, बाबा, शेवटी." हे म्हणाले, "तेही काढलंत तरी चालेल."

सहावं रीळ संपलं. हे उठायला लागले, पण हेडफोनची वायर खुर्चीला गुंडाळली गेली होती.

"बसा ना, बाबा," जावई यांच्या उजव्या कानावरचा हेडफोन सरकवत म्हणाले. "आता सातवं. इथं मी एक स्वरसुद्धा घातला नाही. तुमच्या शांततेला हात लावायची माझी लायकी नाही. फक्त साफ केलं. आत खोकला होता, खुर्च्या वाजत होत्या, कागद सळसळत होते, सगळं वेचून काढलं. या एका रिळावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आता बघा, खरी शांतता."

पडद्यावर म्हातारा भांडी कागदात गुंडाळत होता. आवाज कसलाच नाही. कानात बोळे घालून बसल्यासारखं वाटलं. मी वाट बघत होते. साधारण तो पेटीचं झाकण लावतो तेव्हा क्लॅरिनेटवाला खोकतो. झाकण लागलं. कुणी खोकलं नाही.

मी बोलणार होते. माझ्या आधी हे बोलले.

"इथं संगीत घाला," हे म्हणाले.

"कुठं?"

"इथं. सातव्याला. मी केलं होतं ते. वाजवायचं राहिलं. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

"बाबा," जावई म्हणाले, "या सिनेमातली सगळ्यात नावाजलेली जागा आहे ही. इथं मी संगीत घातलं तर लोक मला फाडून खातील."

"माझं नाव सांगा."

"काही घालायचं नाही," मी म्हटलं. "आणि काढलंत ते परत ठेवा. खोकल्यासकट. खुर्च्यांसकट."

जावयांनी एकदा सासऱ्याकडं बघितलं, एकदा सासूकडं. इकडं आड तिकडं विहीर. "मी चहा सांगतो," म्हणाले आणि आपल्याच खोलीतून बाहेर पळाले.

घरी आल्यावर आमचं बोलणं बंद झालं. आमच्याकडं बोलणं बंद म्हणजे एकदम बंद नसतं, ते लेकीच्या फोनवरून चालतं. हे तिला फोन करून सांगायचे, "आईला सांग, माझा चष्मा सापडत नाही." ती मला फोन करायची. मी सांगायचे, "म्हणावं डोक्यावर आहे." आम्ही दोघं एकाच खोलीत. आठवडाभरानं लेक वैतागली. म्हणाली, "एका म्हाताऱ्याच्या सामानावरून तुमचं एवढं काय बिनसलंय, ते तरी सांगा." दोघांनीही सांगितलं नाही. त्या बाबतीत आमचं एकमत होतं.

एका दुपारी मी मटार सोलत बसले होते. हे आले आणि समोर बसले. एक शेंग उचलली, सोलली, दाणे खाल्ले.

"मला ते रीळ पुरं करायचंय," हे म्हणाले. "दुसरं काही नकोय."

मी शेंगा सोलत राहिले.

"माझं सगळं काम गेलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, त्यातलं बरंचसं जाण्याच्याच लायकीचं होतं. पण जे राहिलं त्यात लोक वाखाणतात काय, तर मी नव्हतो ती सहा मिनिटं. दर वेळी कुणीतरी पाठ थोपटतं. काय तुमची शांतता, काय तुमचं धाडस. आणि मला हॉस्पिटलचा जिना आठवतो. कुणी शाबासकी दिली की मला तो जिना चढावा लागतो. तिथं संगीत असलं की कुणी काही म्हणणार नाही. चांगलं म्हणतील, वाईट म्हणतील, पण ते माझ्या कामाला म्हणतील."

इतकी वर्षं संसार केला, जिन्याबद्दल हे कधी बोलले नव्हते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला यांचा इतका कळवळा आला की दोन मिनिटं वाटलं, घालू देत संगीत, काय फरक पडतो. मग वाटलं, पडतो.

"तुम्ही ते रीळ ऐकलंय कधी?" मी विचारलं.

"त्यात ऐकायचं काय आहे?"

"मी प्रत्येक वेळी ऐकते. आधी ऐका. मग काय घालायचं ते घाला. मी मध्ये येणार नाही."

"मला आता ऐकू कुठं येतं?"

"मोठ्यानं लावा म्हणावं," मी म्हटलं. "तुमच्या जावयाकडं सगळी बटणं आहेत."

दुसऱ्या दिवशी गेलो. लेकही आली, आमची भांडणं सोडवायच्या तयारीनं. पण खोलीत जागा नव्हती, ती बाहेर बसली आणि दार अर्धवट उघडं राहिलं. जावयांनी जुना आवाज होता तसा परत लावला होता. त्यांनी काही विचारलं नाही. समजत नाही तिथं गप्प राहतात, हा एक गुण मला त्यांच्यात नेहमीच आवडत आलाय, पण तो मी त्यांना सांगितलेला नाही.

यांना हेडफोन चढवले. रीळ सुरू झालं. आवाज इतका मोठा होता की हेडफोनच्या बाहेरही सगळं ऐकू येत होतं.

पहिलं मिनिट हे नुसते बसले होते. मग खुर्ची करकरली आणि यांचं डोकं वर आलं.

"हा चेलोवाला," हे म्हणाले. हेडफोन होते म्हणून मोठ्यानं म्हणाले. "याचा पाय सारखा हलायचा. कितीदा सांगितलं याला."

कागद सळसळला.

"हा बासरीवाला. पुढचं पान काढून ठेवतोय. त्याला वाटतंय आता सुरू होईल."

पेटीचं झाकण लागलं. खोकला आला, दाबून धरलेला, रुमालात.

"क्लॅरिनेट. याला दमा होता."

मग बराच वेळ काही नाही. नुसतं एवढ्या माणसांचं बसून असणं. ते ऐकू येतं. कसं ते मला सांगता येणार नाही, पण रिकाम्या खोलीचा आवाज निराळा आणि माणसं गप्प बसलेल्या खोलीचा निराळा.

"कुणीच उठलं नाही?" यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"व्हायोलिनचा एक गज खाली ठेवल्याचा आवाज नाही आला. हात भरून आले असतील. तो मेहुणासुद्धा बसून आहे." मग पडद्याकडं बघत म्हणाले, "मी कारण सांगून नव्हतो गेलो. कुणालाच माहीत नव्हतं."

"माहीत कुणालाच नव्हतं," मी म्हटलं. "पण बसले होते. त्याच्यासाठी कधी कुणी आलं नाही, कुणी बसलं नाही. संध्याकाळी सगळं आवरूनही झालं. एवढीच माणसं, एवढाच वेळ. आणि ते बसले होते तेव्हा तो होता. श्वास घेत होता. हे मी ऐकायला जाते."

यांना त्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, कानांवर हेडफोन होते. मी उजव्या बाजूचा उचलला आणि सगळं पुन्हा सांगितलं. असं बोलणं दोनदा सांगणं फार अवघड असतं. पहिल्यांदा धीर असतो.

रीळ संपलं. जावई कॉम्प्युटरकडं बघत होते, पण कॉम्प्युटरवर काही नव्हतं. यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे असंच राहू द्या," यांनी जावयांना सांगितलं. "खोकला काढू नका. बाकी सगळं तुमचं."

"आणि तुमचं संगीत, बाबा?"

"ते काय," हे म्हणाले. "ते वाजलं असतं तर या सगळ्यांचा आवाज झाकला गेला असता. शिवाय त्यातही व्हायोलिनं फार होती."

जावई उठून दिवा लावायला गेले आणि दिव्यापाशीच उभे राहिले. हे माझ्याकडं वळले.

"तू काही नाव ठरवलं होतंस का?"

मी ठरवलं होतं. पहिल्या महिन्यापासून ठरवलं होतं, आणि यांना आधी सांगायचं नाही, झाल्यावर सांगायचं, असंही ठरवलं होतं. नंतर ते सांगायला जागाच उरली नाही. माझ्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं, एकटी असतानाही नाही. मी सांगितलं.

"काय?" यांनी विचारलं.

मी जरा मोठ्यानं सांगितलं.

यांनी उजवा कान पुढं केला. "नाही आलं."

मग मी उठले, यांच्या कानाशी वाकले आणि घसा खरवडून ओरडले. त्या स्पंजाच्या खोलीतसुद्धा ते घुमल्यासारखं वाटलं.

बाहेरून लेक दारात आली. "कुणाला हाका मारतेस गं आई?"

"तुझ्या दादाला," मी म्हटलं.